पदरात घे

जरा डोळा लागला. एवढंच वाक्य होतं, आणि ते त्याच्या घशात आडवं झालं. काचेच्या खोलीत तो एकटा उभा होता. समोर माईक, स्टँडवर कागद, कानांवर हेडफोन. आयुष्यभर त्यानं हेच काम केलं होतं. परक्या सिनेमांतले म्हातारे राजे, कार्टूनमधली अस्वलं, जाहिरातींतले डॉक्टर, सगळ्यांच्या तोंडी त्यानं आपला आवाज घातला होता. जिभेवर आलं आणि उतरेना, असं एकही वाक्य त्याला आठवत नव्हतं. काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारा बसला होता. त्याला सगळे बटण्या म्हणत. त्याच्या शेजारी ही गोष्ट लिहिणारी मुलगी; जाड भिंगांमुळे तिचं नाव चष्मा पडलं होतं आणि तिनं ते हसत घेतलं होतं. याला ते खर्जकाका म्हणत, कारण याचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा यायचा. “काका, पाणी घेता का?” बटण्यानं हेडफोनमध्ये विचारलं. “घसा बसलाय,” तो म्हणाला. “आत्ताच? अजून तर तुम्ही कुणाला मारलंसुद्धा नाहीत.” काचेपलीकडे दोघं हसली. त्यानं पाणी घेतलं, कागद खालीवर केला. वाक्य तिथंच होतं.

काम व्हिडिओ गेमचं होतं. त्यातला खलनायक म्हणजे समुद्रातल्या खडकावरच्या दीपगृहाचा राखणदार, दिवेवाला. त्याचा दिवा विझतो, माणसांनी भरलेली बोट खडकावर फुटते, आणि त्यानंतर तो वेड्यासारखा मुद्दाम दिवा विझवून बोटी बुडवत सुटतो. खेळणारा शेवटी दीपगृह चढून त्याच्यापर्यंत पोचतो. तिथं दिवेवाला आपली कहाणी सांगतो: मुलगी तापानं फणफणलेली, उशाशी बसून रात्री काढलेल्या, बदली माणूस आलाच नाही, आणि मग जरा डोळा लागला. शेवटी तो गुडघे टेकून म्हणतो, माझी चूक पदरात घ्या. मग पडद्यावर दोन बटणं येतात. एकावर लिहिलेलं असतं ‘पदरात घे’ आणि दुसऱ्यावर ‘समुद्रात लोट’.

पदरात घ्या. हे शब्दसुद्धा त्यानं ऐकले होते, त्याच क्रमानं, कोर्टात, लाकडी कठड्याला धरून उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून. तो माणूस पार्सलच्या गाडीचा ड्रायव्हर होता. साहेब, जरा डोळा लागला. साहेब, चूक पदरात घ्या. तेव्हा याच्या मनात पहिला विचार असा आला होता की पदर जिचा होता तिला तर तू चाकाखाली घेतलंस, आता घेऊ कशात, या पँटच्या खिशात? हे तो बोलला नव्हता. पुढे कितीतरी दिवस न्हाणीघरात, आरशापुढे, भाजी चिरताना हे वाक्य तो मनात घोळवत राहिला, निरनिराळ्या आवाजांत. न्यायाधीशांचा आवाज घेतला तर ते फार जड व्हायचं, आणि स्वतःचा घेतला तर रडकं. मग एका वर्तमानपत्रानं ड्रायव्हरवर अर्धं पान लिहिलं. सलग दोन पाळ्या केलेल्या, घरी आजारी पोरगी, मालक सुट्टी देत नव्हता. फोटोत तो पायरीवर बसलेला, हात गुडघ्यांत. वाचणाऱ्यांनी हळहळ केली, कुणी मदत पाठवली, शिक्षाही हलकी झाली. त्या अर्ध्या पानात याच्या बायकोला दोन शब्द मिळाले होते: एक महिला. घरातलीच माणसं त्या पानावर विरघळली. मेव्हणी ताट वाढता वाढता म्हणाली, “भाऊजी, गेलेली काही परत येत नाही. त्या माणसालाही लेकरं आहेत हो.” तो हात धुऊन उठला. तिच्या घरी त्यानं पुन्हा पाणीसुद्धा घेतलं नाही.

चहाच्या सुट्टीत तिघं गॅलरीत उभी होती. खाली रस्त्यावर कुणीतरी सोफा टेम्पोत चढवत होतं आणि तो दारात अडकला होता. यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, “या बोटीत माणसं किती असतात गं?”

“बोटभर,” चष्मा म्हणाली.

“बोलतात का?”

“ओरडतात,” बटण्या म्हणाला. “ते आवाज तयार मिळतात, काका. साठ्यात असतात. बाई, बाप्या, म्हातारं, सगळं. ओढायचं आणि टाकायचं.”

“म्हणजे बुडवणाऱ्याला मुलगी, ताप, जागरण, आणि वर माझ्यासारखा आवाज. बुडणारे मात्र साठ्यातले.”

चष्म्यानं कप कठड्यावर ठेवला. “काका, नुसता राक्षस दाखवला ना, की खेळणारा त्याला मारतो आणि हात झटकून जेवायला जातो. त्याला वाटतं वाईट माणूस म्हणजे कुणीतरी वेगळा. हा त्याच्यासारखाच निघाला, तर मारतानाही हात थांबतो. तो थांबलेला हात मला हवाय.”

“हात थांबायला हवा होता तो त्याचा. आधी.”

“हो. पण कुणी कसा तिथपर्यंत पोचला हे समजून घेणं वेगळं आणि सोडून देणं वेगळं.”

“तुझ्या बटणांत आहे का हा फरक?”

बटण्या हसला. “घ्या. काकांनी गेमच बंद पाडला.”

ती मात्र हसली नाही. मग म्हणाली, “हे मी हवेतून नाही आणलं. पेपरात एका ड्रायव्हरबद्दल आलं होतं. ते कापून मी टेबलासमोर चिकटवलंय. डोळा लागला, पदरात घ्या, हे त्याचेच शब्द. वाचून मी रडले होते. तुम्ही नसेल वाचलं.”

“वाचलंय,” तो म्हणाला. खाली सोफा अजून अडकलेलाच होता. तिला तिथंच सांगावं असं त्याला वाटलं, आणि लगेच वाटलं, नाही. सांगितलं तर ही रडेल, हळहळेल, काम दुसऱ्या कुणाला देईल. तो दुसरा कुणीतरी त्या माणसाला दोन अश्रू जास्त घालील. देवानं त्याला आपल्या घशात आणून दिलंय. ज्याला कोर्टानं स्वस्तात सोडलं, पेपरनं डोक्यावर घेतलं, तो आता याच्या जिभेवर बसला होता, आणि जिभेला हाड नसतं. कप खाली ठेवताना त्याला कितीतरी महिन्यांनी भूक लागल्यासारखं वाटलं.

माणूस खोटं बोलतोय हे ऐकणाऱ्याला कळावं, पण कशावरून कळलं ते कळू नये, ही कला त्याला येत होती. शब्दाच्या शेवटी किंचित तूप लावायचं. श्वास जिथं तुटायला हवा तिथं तुटू द्यायचा नाही. जणू वाक्य घरून पाठ करून आणलंय. “माझी पोर तापानं फणफणली होती,” तो म्हणाला, आणि त्या पोरीचा ताप नाहीसा झाला. “जरा डोळा लागला,” तो म्हणाला, यावेळी अगदी सहज, आणि ऐकणाऱ्याला दिसावं की हा माणूस झोपला नव्हता, पीत बसला होता. बटण्यानं अंगठा वर केला. चष्म्यानं नाही केला. ती परत परत करून घेत राहिली. “काका, सगळं बरोबर आहे, पण माझा विश्वास बसत नाही त्याच्यावर.” “नकोच बसायला,” तो म्हणाला. “बसायला हवा.” “मग लिहिताना त्याला खरं करायचं.” तिला लागलं, हे त्याला दिसलं, आणि बरंही वाटलं. पण प्रत्येक वाक्यानंतर जी क्षणभर शांतता होते, हेडफोनमध्ये फक्त स्वतःच्या अंगातलं रक्त ऐकू येतं, त्या शांततेत त्याला स्वयंपाकघराच्या दाराशी कुणीतरी उभं असल्यासारखं वाटत होतं.

घरी तो पाठ करायचा तेव्हा बायको तिथंच उभी असायची. ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती, पँट आखूड करायची, चेन बसवायची, बाह्या उसवून पुन्हा शिवायची. दोऱ्याचे तुकडे तिच्या अंगाला चिकटलेले असत. नाटक-सिनेमातलं तिला काही कळत नाही असं ती स्वतःच सांगायची. पण यानं कुठं तूप लावलं की आधी एक छोटा श्वास ऐकू यायचा. आत ओढलेला, अर्ध्यावर थांबलेला, बोलायच्या आधीचा. मग, “अहो, खोटं वाटतंय.” बस, एवढंच. पुढं त्याला त्या तीन शब्दांची गरजच उरली नव्हती, नुसता श्वास ऐकला की तो म्हणायचा, “कळलं, कळलं, पुन्हा घेतो.” अपघातानंतर दवाखान्यात ती बोलली नाही. नळ्या होत्या, पट्ट्या होत्या, खिडकीतून आलेलं दुपारचं ऊन पांघरुणावर होतं. तो जागा होता, टक्क जागा, आणि त्याचे कान कामावर असल्यासारखे चालू होते. तिनं तो श्वास घेतला. आत ओढलेला, अर्ध्यावर थांबलेला. तो वाकला आणि म्हणाला, “बोल.” तो ‘अहो’ची वाट बघत राहिला. नर्सनं येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला तरी तो वाटच बघत होता.

दुसऱ्या दिवशी मरणं होती. गेमच्या धंद्यात मरतानाचे आवाज एका बैठकीत उरकून घेतात, म्हणजे घसा एकदाच फाटतो. कड्यावरून पडणं, पाण्यात गटांगळ्या, आगीत होरपळणं, पोटात भाला, पाठीत भाला. “काका, बेतानं,” बटण्या म्हणाला, “आपल्याला तुम्ही जिवंत हवे आहात.” पण त्याला त्या दिवशी आवरणं अवघड होतं. त्यानं दिवेवाल्याला असा बुडवला की बटण्यानं हेडफोन कानापासून दूर धरले. जाळला तेव्हा त्यानं आधी हळूच सुरुवात केली, कातडीला ऊब लागल्यासारखी, आणि मग चढवत नेलं. प्रत्येक मरणाला त्याच्या डोळ्यांपुढं तो पायरीवरचा फोटो होता, गुडघ्यांत हात घातलेला. कोर्टानं दिली नाही ती शिक्षा त्यानं एका सकाळीत कितीतरी वेळा दिली, आणि दर खेपेला वाटलं, अजून नाही भागलं. “अजून एक पडणं घेऊ का?” त्यानंच विचारलं. “पुरे हो,” बटण्या म्हणाला, “मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही.”

मग शेवटचं उरलं. खेळणाऱ्यानं ‘पदरात घे’ दाबलं तर दिवेवाला आधीच्या जखमांनी तिथंच शांतपणे मरतो. तिथं शब्द नव्हते. कागदावर चष्म्यानं नुसतं लिहिलं होतं: सुटका. त्यानं ठरवलं होतं की इथं काहीच द्यायचं नाही. पोकळ, कोरडा एक श्वास, डबा रिकामा झाल्यासारखा. सुटका तुला माझ्या घशातून मिळायची नाही. लाल दिवा लागला. घसा सोलवटलेला होता, डोक्यात काही नव्हतं. त्यानं श्वास घेतला, तो आत गेला आणि अर्ध्यावर थांबला.

काचेपलीकडे बटण्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवले. चष्म्यानं चष्मा काढला होता आणि तिचे डोळे उघडे, लहान दिसत होते. त्याला बाहेर बोलावून त्यांनी स्पीकरवर ते ऐकवलं, आणि पहिल्याच वेळी त्याला कळलं. भिंतीच्या आतून त्याची बायको बोलायच्या बेतात होती. “काका,” चष्मा म्हणाली, “आता कुणीही त्याला माफ करील.” “पूस ते,” तो म्हणाला. बटण्याला वाटलं काका गंमत करताहेत. “अहो, हे पुसायचं? याला जीव म्हणतात.” “पूस म्हणतो ना.” “एवढे चांगले आवाज पुसायला लागलो तर मला बायको घरात घेणार नाही.” तो जिना उतरून रस्त्याला लागला तेव्हा आपण हेडफोन गळ्यात तसेच घेऊन आलो आहोत हे एका फळवाल्यानं त्याला सांगितलं.

घरी त्यानं प्रयत्न करून बघितला. स्वयंपाकघराच्या दाराशी, ती उभी राहायची तिथं, श्वास आत ओढला आणि थांबवला. ते नुसतं एका म्हाताऱ्याचं धापणं होतं. पुन्हा केलं. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकलं. नाहीच. जन्मभर आवाजाचा धंदा केला आणि तिचा आवाज कुठं म्हणजे कुठं नव्हता. रेकॉर्ड करायला फोन पुढं धरला की ती हातानं दूर सारायची. घरात एक बोलका पुरे, म्हणायची. कपाटात तिच्या साड्या होत्या, डब्यात तिची गुंड्यांची बाटली होती, आणि तिचा जगातला एकमेव श्वास त्या माणसाच्या तोंडात होता. यानं स्वतःच्या हातांनी नेऊन घातला होता. सूड घ्यायला गेला आणि शत्रूच्या ताटात आपल्या घरातला शेवटचा घास वाढून आला. तो खुर्चीवर बसला आणि दात असे आवळले की कानशिलं दुखायला लागली. पुसायला सांगावं तर ती पुसली जाणार. ठेवावी तर त्याच्याकडं राहणार.

सकाळी तो चष्म्याच्या खोलीत गेला. टेबलासमोर ते अर्धं पान होतं, कडा पिवळ्या पडलेलं. त्यानं त्यातल्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. “ही एक महिला,” तो म्हणाला, “माझी बायको.”

ती उभी राहिली, पुन्हा बसली. त्यानं बाकीचंही सांगितलं, श्वासाचं, रोजच्या बोलण्यात सांगावं तसं, न थांबता. शेवटी ती म्हणाली, “मी काढते त्याला गेममधून. सगळंच बदलते.”

“नाही. राहू दे त्याला. रडगाणंही राहू दे. पण तो श्वास त्याचा नाही. बोटीतल्या एका बाईचा आहे. श्वासाला बाई-पुरुष नसतं, कुणाला कळायचं नाही. आणि तो साठ्यात नाही टाकायचा. कुणी ‘पदरात घे’ दाबलं की आधी पडदा काळा करायचा आणि तिला ऐकवायचं. तिला ऐकून मग ज्याला घ्यायचं त्यानं खुशाल घ्यावं.”

“काका, एकदा ते ऐकलं की पुन्हा कुणी ते बटण दाबणार नाही.”

“नको दाबू देत,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जे होतं ते ऐकून ती मागं सरकली. जगात ठिकठिकाणी घराघरांत बसलेली माणसं, त्यांचे अंगठे एकेक करून त्या बटणावरून उचलले जाताना त्याला दिसत होते. कोर्ट काय देणार होतं याच्यापुढं?

चष्म्यानं त्या कात्रणाकडं बघितलं. “करते,” ती म्हणाली. “पण मग तुम्हीही एक करा. त्याचं बोलणं परत द्या. सरळ. तुम्ही त्यात काय कालवलंय ते मला सांगता येत नाही, पण काहीतरी कालवलंय. तिचा श्वास खरा आणि त्याचं बोलणं खोटं, तर ती कुणासमोर उभी राहील? फसवणूक होईल ती. तिचीसुद्धा.”

तो तिला काहीतरी खरमरीत सुनावणार होता. त्याऐवजी तो काचेच्या खोलीत जाऊन उभा राहिला. ड्रायव्हरचा आवाज त्याला पाठ होता, हे त्यानं आजवर कुणाला, स्वतःलाही, सांगितलं नव्हतं. त्याच्यासारख्याचे कान आवाज विसरत नाहीत. कोर्टातल्या त्या आवाजात तूप नव्हतं. तो कोरडा होता, शब्दाच्या मध्येच फाटत होता, आणि ‘डोळा’ म्हणताना ‘ळ’वर अडखळत होता. तिरस्कारानं त्याचं तोंड कडू झालं, तरी त्यानं तो जसाच्या तसा दिला, एका दमात, एकदाच. दाराशी कुणी श्वास घेतला नाही. “झालं,” बटण्या हळूच म्हणाला. “दुसरा लागणार नाही.”

गेम बाहेर पडायच्या आधी त्यांनी त्याला बोलावलं. खोलीत मोठा पडदा होता, मळक्या गादीची खुर्ची, टेबलावर बिस्किटांचे चुरे. बटण्यानं त्याच्या हातात खेळायची दोन मुठींची वस्तू दिली आणि कुठला अंगठा कशाला ते दाखवलं. “चढायचं आम्ही करून ठेवलंय, तुम्ही फक्त शेवट बघा.” पडद्यावर दिवेवाला बोलायला लागला. स्वतःच्या घशातून तो माणूस बोलताना ऐकून खर्जकाकांच्या मानेवरच्या शिरा ताठ झाल्या. “हे गाळता येत नाही का?” “नाही,” चष्मा म्हणाली, “पूर्ण ऐकावंच लागतं. ते मी मुद्दाम ठेवलंय.” डोळा लागला झालं, पदरात घ्या झालं, दोन बटणं आली. त्यानं विचार केला नाही; समुद्रात लोट. दिवेवाला खडकांवर आपटत गेला, याच्याच आवाजात किंचाळत, आणि खाली पांढरा फेस उसळून बसला. बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकावासा वाटण्याइतकं.

“आता दुसरं बघा,” बटण्या म्हणाला. “ते तुम्ही सांगितलंत तसंच केलंय.”

पुन्हा कहाणी, पुन्हा ताप, पुन्हा तो फाटका ‘ळ’. अंगठा बटणावर ठेवताना त्याला शिसारी आली. पडदा काळा झाला. मग भिंतीतून, चारी बाजूंनी, ती आली. आत ओढलेला, अर्ध्यावर थांबलेला. तो खुर्चीत पुढं वाकला. खोली इतकी शांत होती की आता पुढचा शब्द येणार यात त्याला शंका उरली नाही. पडदा उजळला. तिथं दिवेवाला होता, मान खाली घातलेला.

“परत लाव,” तो म्हणाला.

बटण्यानं लावलं. तो माणूस बोलला तितकं त्यानं बोलू दिलं, दात आवळून, कारण त्याच्या पलीकडं जायला दुसरी वाट नव्हती. अंगठा दाबला. काळोख. श्वास. “परत.” पुढं पुढं बटण्याला सांगावं लागेना, कसं लावायचं ते त्यानं बघून ठेवलं होतं. बटण्या चष्म्याकडं बघून चहाला निघून गेला. दारात थबकलेल्या चष्म्याला राहवलं नाही. “काका,” ती म्हणाली, “किती वेळा माफ केलंत त्याला.”

“त्याचं नाव काढू नकोस,” तो म्हणाला. त्याचा अंगठा बटणावर होता आणि डोळे मिटलेले होते. “गप्प बस जरा. ती काहीतरी म्हणतेय.”